माशी बाहेर येऊ दे

आत्या, तुझ्या शोकसभेत मी एक शब्दही बोललो नाही, याची सध्या दिल्लीभर चर्चा आहे. दिल्लीभर म्हणजे आपल्या मराठी दिल्लीत, जी एका सभागृहात मावते आणि तरी मागच्या दोन रांगा रिकाम्या राहतात. बारशाला भाषण ठोकणारा, लिफ्ट अडकली तर आतल्या चार माणसांना एकपात्री प्रयोग दाखवणारा मी, माइक समोर आल्यावर हात जोडून खाली बसलो. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. खरं कारण तुला सांगतो. मला हसू फुटलं होतं.

माझ्या आधी मंडळाचे अध्यक्ष बोलले. डोळे पुसत, आवाज खाली आणत ते म्हणाले, "कुंदाताईंनी झुरळं, वाळवी आणि ढेकूण यांच्यापासून या राजधानीचं आयुष्यभर रक्षण केलं." सभागृहात हुंदके. मी ओठ चावून धरला होता. तू तिथे असतीस तर मागच्या रांगेतून उठून शांतपणे म्हणाली असतीस, "ढेकूण कधीच नाही."

चूक त्यांची नाही. ती आपल्याच घरातली. तू न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होतीस. मृतदेहावर सापडलेल्या अळ्या कोणत्या जातीच्या माशीच्या, त्यांची वाढ कुठवर आली, हे तू ओळखायचीस आणि त्यावरून तो माणूस जाऊन किती वेळ झाला असावा ते सांगायचीस. आता हे हळदीकुंकवाला कसं सांगणार? म्हणून बाबांनी, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाने, एकदा कुणाला तरी सांगून टाकलं, "ती किड्यांच्या खात्यात आहे." झालं. सरोजिनी नगरच्या सगळ्या मराठी क्वार्टरांतून तुला बोलावणी येऊ लागली. तू जायचीसही, हे त्यातलं विशेष. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंच्या ओट्याखाली वाकून, भिंग लावून, गंभीर चेहऱ्याने निकाल दिला होतास, "जर्मन आहे."

"कोण?" काकू घाबरल्या.

"झुरळ."

"अगं, असू दे जर्मन. मारायचं कसं?"

"ते मला नाही माहीत. मी फक्त ओळखते."

काकूंनी तुला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलावला. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा तूच.

मला आठवतो तो बाजारामागचा खाटीक. तू अंडंसुद्धा न खाणारी, आणि आठवड्याला कलेजी घ्यायला त्याच्यापुढे रांगेत उभी. सोबत पिशवी धरून मी. एक दिवस न राहवून तो म्हणाला, "बहनजी, थोड़ा गुर्दा भी ले जाओ, साहब खुश हो जाएँगे."

"साहब नहीं हैं. मक्खियों के लिए चाहिए."

तो इतका हसला की सुरी खाली ठेवावी लागली. पण तेव्हापासून तो तुला आदल्या दिवशीची कलेजी बांधून द्यायला लागला. माश्यांना काय कळतंय! तू पुडी उघडून वास घेतलास आणि भर बाजारात त्याला सुनावलंस, "मेरी मक्खियाँ बासी नहीं खातीं."

प्रयोगशाळेतल्या माश्या सरकारी होत्या. या तुझ्या घरच्या. दिल्लीच्या जूनमध्ये अळी किती भरभर वाढते आणि जानेवारीत किती रेंगाळते, हे परदेशातल्या पुस्तकावरून कसं कळणार, असं म्हणत तू बाल्कनीत बरण्या मांडल्या होत्यास. तोंडाला मलमलचं फडकं, आत कलेजीचा तुकडा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ नाकाला रुमाल लावून आले, "बहनजी, आपके यहाँ कुछ मर गया है क्या?"

"जी," तू म्हणालीस. "बकरा."

ही गोष्ट मी आजवर किती मैफिलींत सांगितली असेल! प्रत्येक वेळी ते गृहस्थ थोडे अधिक जाड होत गेले, त्यांचा रुमाल मोठा होत गेला. शेवटी शेवटी तर ते जिन्यावरून गडगडत खाली जायचे. कोपऱ्यात बसलेली तू ऐकायचीस आणि मध्येच, "गडगडले नव्हते. चालत गेले होते." माझ्या टाळीचा असा नेमका खून दुसऱ्या कुणी केला नाही. नाटक्या म्हणायचीस मला. माझं नाव तुझ्या तोंडून फक्त डॉक्टरांपुढे ऐकलं.

दिल्लीत वाढलेल्या आम्हा पोरांची मराठी म्हणजे डाळीतल्या फोडणीइतकी. सगळ्या वळवळणाऱ्या गोष्टींना आम्ही 'कीडा' म्हणायचो. अंडं, अळी, कोष, माशी हे शब्द तू मला बाल्कनीत शिकवलेस, एकेक बरणी पुढे करत. आणि एका क्रियापदावरून तर तू भांडण काढलंस. मी आंबा कापता कापता म्हणालो, "यार आत्या, यात किडे पडलेत."

"कुठून पडले?"

"म्हणजे?"

"वरून पडले? पंख्यावरून? किडे पडत नसतात. माशी येते, अंडी घालते, अळ्या होतात. कुणीतरी आलं म्हणून झालं. पडले काय!"

मला वाटलं, शास्त्रज्ञ बाईचा चक्रमपणा. किडे पडणे हा शब्द आपल्याकडे शाप म्हणूनही वापरतात, पापाची शिक्षा म्हणून वापरतात, आणि तुझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागे तो लागलेला असतो, हे मला रूथच्या वेळी कळलं.

रूथबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर मी बसलोय. आपलं अर्धं आयुष्य त्या एका भांडणात गेलं आणि तू उत्तर न ऐकताच निघून गेलीस.

गुरुग्रामला तेव्हा सगळे गुडगावच म्हणायचे. रूथ माझी नाटकातली मैत्रीण, नगरकडच्या ख्रिस्ती घरातली, मंत्रालयात नोकरीला. तिचे वडील, आपले साळवेकाका, निवृत्तीनंतर गुडगावच्या एका उंच सोसायटीत एकटे राहायचे. एकटे राहायची त्यांना हौस. एसी अठरावर, खिडक्या बंद, टीव्हीवर क्रिकेट. रूथ म्हणायची, माझ्याकडे या. ते म्हणायचे, तुझ्याकडे पंखा आहे. यावरून दोघांची जुंपली आणि अबोला झाला. जूनमधल्या एका रविवारी, चर्चमधून आल्यावर, सकाळी अकराला, रूथने स्वतःहून फोन केला. वाजत राहिला. म्हातारा रुसलाय, म्हणून तिने ठेवून दिला. पुढचे दोन दिवस तीही रुसली. मग शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली आणि दार फोडावं लागलं.

हृदय बंद पडलं होतं. पोलिसांना शंका नव्हती, डॉक्टरांनाही नाही. "दोन-तीन दिन हुए होंगे," एवढं सांगून त्यांनी कागद पुढे केला. त्यांच्या दृष्टीने दोन काय, तीन काय. रूथच्या दृष्टीने त्या दोन आणि तीनच्या मध्ये एक फोन वाजत होता. बाबा आधीच गेलेले होते, की पलंगावर पडून, हलता न येऊन, तो वाजताना ऐकत होते?

त्यात नगरहून मावशीचा फोन. "किडे पडले होते म्हणे गं. एवढा सरळ माणूस, कोणत्या जन्माचे भोग!"

रूथ तुझ्या क्वार्टरवर आली ती जेवली नाही, बसली नाही. दारातच म्हणाली, "आत्या, एकच सांगा. मी फोन केला तेव्हा बाबा होते की नव्हते?"

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना तूच पूर्वी शिकवून ठेवलं होतंस, की अर्ध्या अळ्या गरम पाण्यात घालून मग अल्कोहोलमध्ये ठेवा आणि अर्ध्या मला जिवंत पाठवा. त्या आलेल्या होत्या. घरोब्यामुळे अहवालावर सही दुसऱ्याची असणार होती, हे तू साहेबांना आधीच सांगितलं होतंस. पण अळ्यांवर नजर तुझी. तू रूथला म्हणालीस, "माशी बाहेर येऊ दे."

मी तुला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "माशी काय माशी! पोरगी मरायला टेकलीये. 'नव्हते' म्हण आणि मोकळी हो."

"मला माहीत नाही ते कसं म्हणू?"

"आम्ही स्टेजवर म्हणतो तसं. पोट आत घेऊन, ठणकावून."

"नाटक्या, लहान असताना या दोन जातींच्या अळ्या सारख्याच दिसतात. एक भरभर वाढते, एक सावकाश. कोण आहे ते कळल्याशिवाय मी वेळ सांगत नाही."

"अगं, रूथला माशीची जात नकोय, धीर हवाय!"

"मग तू दे," तू म्हणालीस आणि कुकर लावलास.

त्या आठवड्यात मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की रोज तुझ्याकडे यायचो. रूथही यायची, ऑफिस सुटलं की ऑटो करून. तू पिठलं-भात वाढायचीस आणि प्रयोगशाळेतली बातमी द्यायचीस, जशी लोक सुनेच्या बाळंतपणाची देतात. आज खाणं थांबवलं. आज कोरडी जागा शोधतायत. आज कोष झाले. सुरुवातीला रूथ तोंड फिरवायची. मग एके दिवशी तिनेच विचारलं, "आज काय?" मला ते भयंकर वाटलं. आता वाटतं, तिच्याकडे दिवस ढकलायला दुसरं काय होतं?

मधल्या काळात तू मला गाडी काढायला लावून गुडगावला नेलंस. तुला त्या खोलीत किती गारवा होता ते हवं होतं, कारण गारव्यात अळ्या रेंगाळतात. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने डोकं खाजवलं. "मैडम, सैटरडे शाम से लाइट आती-जाती रही. संडे को तो दिन भर बैकअप पे थे."

"बैकअप पे एसी चलता है?"

"कहाँ मैडम. पंखा, ट्यूबलाइट, बस."

तू एवढ्या आनंदाने त्याचे आभार मानलेस की तो बिचारा जपून दोन पावलं मागे सरला. परत येताना तू म्हणालीस, बरं झालं विचारलं, सगळे एसी धरून चालले होते. मी म्हणालो, बरं काय झालं? तू बाहेर बघत म्हणालीस, उकाड्यात अळ्या भरभर वाढतात, म्हणजे मरणाची वेळ मागे नाही जात, फोनच्या जवळ येते.

आणि मग तो फोन. "आली," तू म्हणालीस. "लाल डोळ्यांची आहे. अजून पंख चुरगळलेत, पण तीच. भरभर वाढणारी." तुझ्या आवाजात जो आनंद होता, त्याची मला लाज वाटली आणि तो मला अजून विसरता येत नाही.

संध्याकाळी रूथला समोर बसवलंस. मी तिच्या मागे उभा, तुला हातवारे करत. ओठांनी सांगत होतो, नव्हते म्हण, नव्हते म्हण. तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस.

"रविवारी दुपारपर्यंत माश्या खोलीत पोचल्या होत्या. म्हणजे तोवर ते गेलेले होते, हे नक्की."

"आणि सकाळी? अकराला?"

"माश्या रात्री सहसा येत नाहीत. ते शनिवारी रात्री गेले असतील, तरी माश्या उजाडल्यावर, बाथरूमच्या जाळीतून वाट काढत आल्या असतील. किंवा ते रविवारी सकाळी गेले असतील. दोन्ही जमतं. तुझा फोन वाजला तेव्हा ते होते का, हे मला माहीत नाही, रूथ. माशीलाही माहीत नाही."

आत्या, त्या क्षणी मी तुझा द्वेष केला. एक शब्द होता, तीन अक्षरांचा. माशीने परवानगीही दिली होती, दोन्ही जमतं म्हणून. तू तो दिला नाहीस.

मग तू खुर्ची पुढे ओढलीस आणि रूथचे हात हातात घेतलेस. तुला असं कुणाचे हात घेताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

"आता मला जे माहीत आहे ते सांगते. जखम असती तर माश्या आधी तिथे गेल्या असत्या. त्या चुकत नाहीत. जखम कुठेही नव्हती. ते पडले नाहीत, कुठे आपटले नाहीत, फोनकडे सरपटत गेले नाहीत. पलंगावर होते, तसेच गेले. आणि किडे पडत नाहीत गं. मावशीला सांग. माश्या येतात. राजाकडे येतात, भिकाऱ्याकडे येतात. दार बंद होतं, माणसं कुणी आली नाहीत, तर त्या आल्या. यात पाप कुठे आहे?"

"नक्की? सरपटत नाही गेले?"

"नक्की."

रूथ तेव्हा रडली. दार फोडल्यापासून पहिल्यांदा. मग तुझ्या दिवाणावर झोपली ती दुसऱ्या दिवशी ऑफिसला रजा टाकूनच उठली.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते हप्त्याहप्त्याने वर्षानुवर्षं. मी म्हणायचो, एका खोट्याने तिचं काय बिघडलं असतं? तू म्हणायचीस, मग पुढच्या 'नक्की'वर तिने विश्वास का ठेवला असता? मी म्हणायचो, प्रेमात हिशेब नसतो. तू म्हणायचीस, हिशेब नाही, पण माणसाला पाय टेकायला कुठेतरी जमीन लागते. दिवाळीच्या फराळावर भांडलो. माझ्या मुलीच्या लग्नात, वरात दारात असताना भांडलो. सरोजिनी नगरची क्वार्टरं पाडायला घेतली आणि तू आमच्याकडे गुरुग्रामला राहायला आलीस, तेव्हा तर घरचंच भांडण झालं. माझी बायको म्हणायची, तुम्ही दोघं नाटकाचे दौरे का नाही काढत?

तिचीही वेगळीच तऱ्हा झाली होती तुझ्यामुळे. चहावर माशी बसली की ती वर्तमानपत्र उगारायची आणि तू ओरडायचीस, "थांब! आधी बघू दे कोण आहे." माशी ओळख करून घ्यायला थांबत नसे. पण आमच्या घरात तुझ्या काळात एकही माशी मेली नाही, हे अध्यक्षांना सांगायला हवं होतं.

रूथ दर रविवारी यायची. चर्चमधून थेट. तुम्ही दोघी काय बोलायचात ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक वेळा बोलत नव्हतातच. ती तुझ्या केसांना तेल लावायची आणि तू क्रिकेट बघायचीस, जे तुला मुळीच कळत नसे.

आता शेवटचं. तुला हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. त्या दिवशी माझं नोएडाला रेकॉर्डिंग होतं, एका बिस्किटाच्या जाहिरातीत मला उंदराचा आवाज द्यायचा होता. मी नको म्हणत होतो. तूच म्हणालीस, "जा. उंदीर काय करेल तुझ्यावाचून?" हे तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. रूथ तुझ्यापाशी बसली आणि मी गेलो. परतताना एक्सप्रेसवेवर ट्रक उलटला होता. मी गाडीतच होतो तेव्हा तू गेलीस.

कॉरिडॉरमध्ये रूथ उभी होती. आत्या, मी पन्नाशीचा माणूस, पण मला एकच विचारायचं होतं आणि ते मी लहान पोरासारखं विचारलं. "माझं नाव घेतलं का गं शेवटी?"

रूथने माझ्याकडे बघितलं. तिला माझं सगळं तत्त्वज्ञान पाठ होतं. एक शब्द पुरला असता. माझ्याच दुकानातला माल.

"नाही रे," ती म्हणाली. "नाही घेतलं."

मग ती म्हणाली, "त्रास झाला नाही त्यांना. झोपेतच गेल्या. माझा हात धरून होत्या."

आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. लगेच, पूर्ण. दुसऱ्या कुणी हेच सांगितलं असतं तर मी जन्मभर कुरतडत बसलो असतो, बरं वाटावं म्हणून बोलले असतील म्हणून. तिच्या आधीच्या 'नाही'वर माझे पाय टेकले होते. घे. हे मी लिहून देतो आहे. हीच ती जमीन असेल, तर ती मला सापडली.

पण थांब, टाळी घेऊ नकोस. गोष्ट संपलेली नाही, आणि यात मी एक अक्षरही वाढवलेलं नाही.

रूथ नाक पुसत म्हणाली, "झोपायच्या आधी एकदा डोळे उघडले होते. मला विचारलं, 'जेवलीस का?'"

"मग?"

"हो म्हटलं."

"जेवली होतीस?"

"नाही ना. सकाळपासून काही नाही. पण त्या उठून बसल्या असत्या रे माझ्या जेवणासाठी. म्हणून पटकन हो म्हणून टाकलं. 'बरं' म्हणाल्या आणि डोळे मिटले." ती माझ्याकडे अपराधी चेहऱ्याने बघत होती. "खोटं बोलले मी. त्यांच्याशी. शेवटचं."

आत्या, तू या जगात ऐकलेलं शेवटचं वाक्य सपशेल खोटं होतं, आणि ते ऐकून तू निवांत झोपलीस. मला तिथे, त्या फिनेलच्या वासात, हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही मिळून काहीतरी झालं, ज्याने नर्स दारापर्यंत येऊन गेली.

कागदपत्रांना वेळ होता. मी रूथला दंडाला धरून खाली कॅन्टीनमध्ये नेलं. राजमा-चावल घेतला, दोन प्लेट. तिला घास जात नव्हता. मी समोर बसून राहिलो. सावकाश, रडत रडत, तिने ताट संपवलं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "जेवलीस का?"

"हो," रूथ म्हणाली.